आखाजीला माहेरी आलेल्या बाळाचा ताप

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ सात महिन्यांचं, मुलगा, वजन साडेसात किलो. आई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतहून अमळनेरजवळच्या माहेरी आली आहे. काल संध्याकाळपासून बाळाला ताप, रात्री काखेत १०२.२ भरला. औषध दिलं की उतरतो, पाच-सहा तासांनी पुन्हा चढतो. उतरला की पोरगा खेळतो, अंगावर पितोही. सर्दी नाही, खोकला नाही. घरात मात्र तीन मतं: आजी म्हणते गोधडीत घे, घाम फुटू दे; मामी म्हणते बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव; आणि सुरतहून बाळाचे वडील फोनवर सांगतात, मागच्या वेळचं अँटिबायोटिक उरलंय ना, तेच सुरू कर. शिवाय दोन शंका: ताप डोक्यात जाईल का, आणि हे दातांमुळे असेल का? रविवारच्या गाडीचं रिझर्व्हेशन आहे, ते वेगळंच.

ताई, तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट १०२.२ हा आकडा नाही. 'उतरला की खेळतो आणि पितो' हे वाक्य आहे. मी सव्वीस वर्षं याच भागात पोरं तपासतोय. "डॉक्टरसाहेब, पोऱ्याले ताप उना" असं म्हणत कुणी आत आलं की मी थर्मामीटर नंतर काढतो, आधी पोराच्या तोंडाकडे बघतो. १०३ ताप असून आईच्या कानातलं ओढणारं पोर मला तेवढं घाबरवत नाही, जेवढं १०० तापात खांद्यावर मान टाकून पडलेलं, स्तनाला तोंड न लावणारं पोर घाबरवतं. तेव्हा आजचा दिवस तुम्ही घरी काढू शकता, पण काही अटींवर. त्या पुढे येतील.

पण हे सगळं तुमचं बाळ सात महिन्यांचं आहे म्हणून. शेजारी कुणाची दीड महिन्याची बाळंतीण बसली असेल तर तिने यातलं काहीही वापरू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत ९९.५ भरला तरी तो ताप समजायचा, आणि तीन महिन्यांच्या आत १००.४ किंवा जास्त असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. घरी औषध देऊन वाट पाहायची नाही. एवढ्या लहान जिवाला रक्तात जंतू पसरले तरी बाहेरून फार काही दिसत नाही. कधी तर ताप येण्याऐवजी अंग गार पडतं, आणि ९५.९ च्या खाली गेलेलं गार अंग हे तापाइतकंच वाईट. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२ च्या वर ताप असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

आता आजींच्या गोधडीबद्दल. त्यांचं निरीक्षण चूक नाही, अर्थ चुकतो. संसर्ग झाला की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग आपली खूणच वर सरकवतो. जणू कुणी इस्त्रीचं बटण एक घर पुढे फिरवलं. मग शरीर त्या नव्या खुणेपर्यंत पोचण्यासाठी हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. हातपाय गार पडतात, पोट आणि कपाळ तापतं, मोठ्या पोरांना हुडहुडी भरते. आजीला गार पाय लागतात आणि ती गुंडाळते. पुढे तासाभराने घाम येतो, ताप उतरतो, गोधडीला यश मिळतं. प्रत्यक्षात घाम येतो तो खूण खाली सरकल्यामुळे. गोधडीने फक्त आत अडकलेली उष्णता बाहेर पडू दिली नाही. हातपाय गार असतील तेवढा वेळ पायांवर एक पातळ सुती ओढणी पुरे. अंग तापलं की तीही काढा. झबलं, लंगोट, बस्स. टोपी, मोजे, स्वेटर वैशाखात कशाला हवेत, हा प्रश्न मी दर वर्षी विचारतो आणि दर वर्षी मोजे घातलेली पोरं येतात.

मामीच्या बर्फाचंही तेच, उलट्या बाजूने. शरीराची खूण वर असताना बाहेरून एकदम गार पाणी लावलं तर कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, पोर थरथर कापतं, आणि कापण्यातूनच आणखी उष्णता तयार होते. पोर किंचाळतं ते वेगळंच. नळाच्या साध्या किंवा कोमट पाण्याने अंग पुसलं तर हरकत नाही, पण ते औषध दिल्यानंतर अर्ध्या तासाने, आणि पोराला बरं वाटत असेल तरच. रडत असेल तर सोडून द्या. पाण्यात मीठ घालून काही फरक पडत नाही. कपाळावर दोन बोटांची पट्टी ठेवून उपयोग नसतो, पुसायचंच तर मान, काख, जांघ, पाठ पुसा. स्पिरिट, कोलनवॉटर, व्हिनेगर अजिबात नको. स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून आत जातं.

औषधावर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण घरी होणाऱ्या खऱ्या चुका इथेच होतात.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, वयावर नाही. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या साडेसात किलोच्या बाळाला म्हणजे ७५ ते ११२ मिलिग्रॅम. आता घरातली बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल तर साडेचार मिली. तेच सिरप ५ मिलीत २५० चं असेल तर २ मिली. आणि ड्रॉप्सची छोटी बाटली असेल, जिच्यात १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर फक्त १ मिली. बाळ तेच, औषध तेच, ताप तोच, आणि माप साडेचार, दोन आणि एक. ड्रॉप्स लहान बाळांसाठी, म्हणून ते 'सौम्य' असतील असं लोकांना वाटतं. उलट तेच सगळ्यात दाट असतं. कुणी सिरपचं साडेचार मिलीचं माप लक्षात ठेवून ड्रॉप्स पाजले तर ४५० मिलिग्रॅम जातं, म्हणजे या बाळाची चोवीस तासांची कमाल मात्रा एका घोटात.

ही कल्पना नाही. दवाखाना टाकून मला दोनच वर्षं झाली होती. चोपड्याच्या बाजूचं एक बाळ, साडेसहा किलोचं. मी चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि '४ मिली, ताप आल्यास' एवढंच लिहिलं. सिरप की ड्रॉप्स, ते लिहिलंच नाही. दुकानातून ड्रॉप्स मिळाले. घरच्यांनी इमानेइतबारे चार-चार मिली तीनदा पाजले. दुसऱ्या दिवशी बाळाची आजी रिकामी व्हायला आलेली बाटली घेऊन आली, दुसरी घ्यायला. जाता जाता म्हणाली, "एवढीशी शिशी देतात, एका दिवसात संपते." माझ्या पोटात गोळा आला. बाळ दिसायला बरं होतं, आणि याच गोष्टीत धोका असतो, कारण यकृताची इजा पहिल्या दिवशी दिसत नाही. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे उतारा सुरू झाला, यकृताच्या तपासण्या दोन-तीन दिवस होत राहिल्या. पोरगं वाचलं. चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून मी बाटलीवरची ताकद लिहितो, आणि आईकडून माप ओतून दाखवून घेतो.

माप चमच्याने घेऊ नका. घरातले चमचे तीन मिलीचेही असतात आणि सातचेही. बाटलीबरोबरचं झाकण किंवा ड्रॉपर वापरा, नाहीतर सुई काढलेली ५ मिलीची नवी सिरिंज औषधाच्या दुकानातून आणा. माझं मत विचाराल तर सिरिंज सगळ्यात चांगली. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात पिचकारी मारायची नाही. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर एकदा पुन्हा द्या. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेची वाट पाहा. वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. आई, आजी आणि मामी अशा तिघींनी आपापल्या परीने एकेक डोस दिलेली बाळं मी पाहिली आहेत.

आणि औषधाकडून भलती अपेक्षा नको. १०३ चा १०१ झाला, पोर शांत होऊन प्यायला लागलं, की औषधाचं काम झालं. ते ९८.६ वर आणायचं नसतं. विषाणूचा ताप असेल तर तो आपले दोन-तीन दिवस घेणारच, आणि औषधाचा असर ओसरला की पुन्हा चढणारच. 'चार तासांनी पुन्हा आला' म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नव्हे. झोपलेल्या बाळाला केवळ ताप आहे म्हणून उठवून औषध पाजायचीही गरज नाही.

दुकानात 'यापेक्षा जोरदार द्या' असं सांगू नका. जोरदारच्या नावाखाली काय हातात पडेल सांगता येत नाही. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिन मुलांना तापात द्यायचं नसतं, त्याने यकृत आणि मेंदू दोन्हींना घेरणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या आत नको, पोर कोरडं पडलं असेल तर नको, आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना तर मुळीच नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेफेनॅमिक ॲसिडही डॉक्टरांनी वजन करून लिहिल्याशिवाय नको. आणखी एक छुपी गोष्ट म्हणजे सर्दीची सिरपं. त्यातल्या अनेकांत पॅरासिटामॉल आधीच असतं. तापाचं एक, सर्दीचं एक असं दिलं की नकळत दुप्पट जातं. नाक सुकवणारी ती मिश्रणं चार वर्षांखाली द्यायची नाहीतच.

बाळाच्या वडिलांना सांगा, उरलेलं अँटिबायोटिक फेकून द्यायचं. पाणी घालून तयार केलेलं ते औषध आठवडा-पंधरवड्यात निकामी होतं. ते असलं तरी विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. तुमच्या बाळाला सर्दी-खोकला काहीच नाही, नुसता ताप आहे. अशा बाळांत एक आजार लपून बसतो, तो म्हणजे लघवीच्या मार्गाचा संसर्ग. दोन चमचे अँटिबायोटिक पोटात गेलं की लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, ताप अर्धवट दबतो आणि पुढे मूत्रपिंडाला त्रास होतो. म्हणून ही अट पहिली: उद्या संध्याकाळपर्यंत ताप गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि लघवी तपासून घ्या. लघवी करताना कळवळतो का, वास वेगळा येतो का, याकडे आजच लक्ष ठेवा.

जायफळ उगाळून देऊ नका. त्याने पोर गुंगतं, आणि ते आजाराने सुस्त आहे की जायफळाने, हे मलाही ओळखता येत नाही. मध वर्षाच्या आत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडून अजूनही कधी पोटावर चटके दिलेलं बाळ येतं. त्या आईवर मी ओरडत नाही, दवाखाना दूर आणि भगत जवळ असतो. पण भाजलेल्या जखमेतून जंतू आत जातात आणि मूळ आजाराचा वेळही जातो.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल, जे पुण्या-मुंबईचे डॉक्टर सहसा सांगत नाहीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ अंश सेल्सिअस असेल तर ते फॅरनहाइटमध्ये १०७ च्या वर होतं. कपाटावर ठेवलेला पाऱ्याचा थर्मामीटर झटकूनही खाली येत नाही तो त्यामुळे. डिजिटल असेल तर कधी आकड्याऐवजी 'एच' अक्षर दाखवतो. 'डॉक्टर, १०७ ताप' असा फोन मला दर उन्हाळ्यात एकदा तरी येतो. थर्मामीटर माठाजवळ ठेवा, वापरण्याआधी त्याचं टोक गार पाण्यात बुडवून पुसा. काख घामाने ओली असेल तर कोरडी करा, आणि डिजिटल वाजेपर्यंत दंड अंगाशी धरून ठेवा.

दुसरं, उन्हाने तापलेलं बाळ आणि ताप आलेलं बाळ यांत फरक आहे. दुपारी कोंदट खोलीत गुंडाळून झोपवलेल्या बाळाचं अंग तापतं. कपडे काढून, धाब्याच्या घरातल्या गार खोलीत किंवा कूलरच्या बाजूला (थेट झोतात नव्हे) घेऊन, पाजून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उतरला तर तो आजार नव्हता. ओल निर्माण करणारा कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घाम वाळत नाही. पण भर उन्हातून मोटारसायकलवर किंवा बंद गाडीत आलेलं बाळ १०४ च्या वर तापून सुस्त पडलं असेल तर तो उष्माघात. तिथे शरीराची खूण वर सरकलेली नसते, उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणाच हरलेली असते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तिथे मात्र ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत थेट दवाखान्यात. मामीचं पाणी इथे बरोबर.

ताप आणि उन्हाळा दोन्ही मिळून पाणी ओढून घेतात. तुमचं बाळ सात महिन्यांचं आहे, तेव्हा अंगावरचं दूध तासा-दीड तासाने, मधे चमच्याने उकळून गार केलेलं पाणी, पातळ वरणाचं पाणी. जुलाब असतील तर ओआरएस, एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असला अंदाज नाही. खायला नाही म्हणाला तर जबरदस्ती नको, दोन दिवस कमी खाल्ल्याने काही होत नाही. लघवी मात्र मोजा. दिवसभरात पाच-सहा वेळा झाली तर ठीक. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तर थांबू नका.

दातांचं म्हणाल, तर दात येताना अंग जरा कोमट होतं, लाळ गळते, पोर किरकिरतं. १०२ ताप दाताने येत नाही. सातवा महिना हा दात येण्याचा आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरण्याचा एकच काळ, म्हणून दोष दाताच्या माथी बसतो. लसीचं मात्र विचारून घेतो: दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींनंतर एक-दोन दिवस ताप येतो, नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लशीनंतर तो आठवडाभराने येऊ शकतो. तुमच्याकडे यातलं काही नाही.

ताप डोक्यात जात नाही. संसर्गाचा ताप १०३-१०४ झाला तरी त्याने मेंदू खराब होत नाही. मेंदूज्वरात मेंदूला इजा होते ती जंतूंमुळे, ताप ही तिथे खूण असते. लोकांच्या मनात जी भीती आहे ती बहुधा आकडीची. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. पाहायला भयंकर असतो, पण बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि मागे काही ठेवत नाही. तापाचं औषध वेळेवर देऊनही तो टळतोच असं नाही, तेव्हा आईने स्वतःला दोष देऊ नये. झटका आला तर बाळाला कुशीवर वळवा, जमिनीवर किंवा सपाट पलंगावर ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याने झटका थांबत नाही, तो आपल्या वेळेला थांबतो आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन. थांबला तरी पहिला झटका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी बाळ पाहायला हवंच.

बाकी कशाला थांबायचं नाही, तेही सांगून ठेवतो. काहीच पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकतो. ताप उतरूनही मलूल, हलवलं तरी डोळे नीट उघडत नाही. टाळू फुगलेली, मान ताठ, किंवा उचललं की जास्त किंचाळतो. छातीच्या खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो. झोपेत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त म्हणजे श्वास फार जलद. काचेचा पेला दाबून ठेवला तरी न विरणारे लाल-जांभळे ठिपके. यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. आणि यातलं काहीही नसलं तरी आईच्या मनाला 'आज हा वेगळाच वागतोय' असं वाटलं तर तेवढं कारण मला पुरतं.

राहिला रविवार. शनिवार सकाळपासून पूर्ण चोवीस तास औषधाशिवाय ताप नसेल आणि पोर नेहमीसारखं पीत असेल तर खुशाल जा. दुपारची गाडी मात्र टाळा, नंदुरबारमार्गे जाणारी रात्रीची किंवा पहाटेची बघा, आणि मे महिन्यात स्लीपरची खिडकीची जागा घेऊ नका, तिथे झळ लागते. पिशवीत थर्मामीटर, औषधाची बाटली, सिरिंज आणि डोसच्या वेळा लिहिलेला कागद वर ठेवा, तळाशी नको. शनिवारीही ताप असेल तर रिझर्व्हेशन रद्द करा. आजी आणखी चार दिवस नातू राहिला म्हणून खूशच होतील, फक्त त्यांच्या हातातली गोधडी तेवढी काढून घ्या.